ऐकलेल्या हाका

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात फाटक्या चादरी शिवल्या. तिथे त्यांना नावानं कोणी ओळखत नसे, सगळे शिवणबाई म्हणत. तळघराला एकच खिडकी, तीही छताला लागून, तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. त्या खिडकीखाली त्यांचं मशीन. धुऊन आलेल्या चादरींचे गठ्ठे समोर पडायचे. एकेक चादर त्या उजेडाकडे धरायच्या, खालून तळहात फिरवायच्या, आणि डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला विरलेली जागा सापडायची. ठिगळ लावताना एकच हट्ट, दोऱ्याची गाठ खालच्या अंगाला गेली पाहिजे. "माणूस महिना महिना पाठीवर पडलेला असतो. त्याला गाठ टोचता कामा नये," म्हणायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी तपासायलाही येत नव्हतं.

दुसरी खोड मोजण्याची. जिन्याच्या पायऱ्या, टाके, सोललेल्या शेंगेतले वाटाणे, बोलणाऱ्याच्या शर्टाची बटणं, सगळं मोजायच्या. ओठ हलायचे नाहीत, पण आकडा तयार असायचा. घड्याळाकडे न बघता वेळ सांगायच्या, आणि फरक पडला तर घड्याळाला किल्ली द्यायला लावायच्या. त्यांचं लक्ष कधी भलतीकडे गेलेलं मी पाहिलं नाही. वाटाणे सोलताना त्या वाटाणेच सोलायच्या.

आणि मी कशी, तर त्यांनी मला लग्नानंतर आठ दिवसांत नाव ठेवलं, तडतडी. तव्यावर पाण्याचा थेंब पडला की होतं तसं. नाव मला शोभतंच. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारखिडकीवर बसते. अठरा वर्षं लोकांची बोंबाबोंब ऐकते आणि सव्याज परत करते. एकदा तर माझ्याच विरुद्ध सतरा सह्यांचा तक्रारअर्ज आला. तो द्यायची खिडकीही माझीच, त्यामुळे मीच त्यावर शिक्का मारून पोचपावती दिली. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "बाई, एक तर खिडकी बदला, नाहीतर स्वभाव." खिडकी बदलायची म्हणजे नळजोडणीचे अर्ज लावत धुळीत बसायचं. मी स्वभाव बदलायचं ठरवलं.

कचेरीमागच्या गल्लीत, बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर ध्यानाचं केंद्र होतं. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पद्धत सोपी. डोळे मिटून ताठ बसायचं. मनात जे येईल त्याला नाव द्यायचं आणि जाऊ द्यायचं. पाय दुखला तर म्हणायचं दुखणं, दुखणं. राग आला तर राग, राग. बाहेर गाडीचा कर्णा वाजला तर आवाज, आवाज. त्याच्यामागे धावायचं नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण याचा मला फार उपयोग झाला. खिडकीवर माणूस हातवारे करून बोलत असला की मी मनात म्हणायची, आवाज, आवाज, आणि शांतपणे शिक्का मारायची. दोन वर्षांत माझ्याविरुद्ध एकही कागद आला नाही.

मग व्हायचं तेच झालं. मी शहाणी झाले. घरात प्रवचनं सुरू. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, पहाटे पाचला पहिल्या पाळीला जातात, त्यामुळे ते वाचायचे आणि सासूबाई सापडायच्या. एकदा मी त्यांना समजावत होते, "आई, माणसानं वर्तमानात राहायला शिकलं पाहिजे."

त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "मग आजवर कुठे राहत होतीस?"

मी यांनाही सांगायची, माझे कान आता इतके तीक्ष्ण झालेत की बैठकीत वरच्या मजल्यावरचा गळका नळ ऐकू येतो. ही फुशारकी पुढे कुणाच्या गळ्याशी आली ते सांगतेच.

केंद्रात एक नेम होता. सलग शंभर दिवस रोज सकाळी घरच्या घरी एक तास, एकदाही मधे न उठता जो बसेल, त्याला नवीन लोकांना शिकवायला बसवत. एक दिवस मोडला की पुन्हा एकपासून. मी दोनदा मोडले होते, एकदा तापानं आणि एकदा डुलकी लागून. तिसऱ्यांदा मी कंबर कसली होती. सहाला दार ओढून घ्यायची, फोनवर घंटा लावायची आणि सात वाजेपर्यंत जग बुडालं तरी उठायची नाही. सासूबाई तेवढा वेळ घरात पाय न वाजवता वावरायच्या. नळसुद्धा बारीक सोडायच्या.

तो अठ्ठ्याहत्तरावा दिवस होता.

बसून दहा-अकरा मिनिटं झाली असतील. बाथरूमकडून धप्पकन आवाज आला. मी मनात म्हटलं, आवाज. आवाज. गेला. मग हाक आली. "तडतडे, जरा ये गं." साधीच हाक, जरा पीठ चाळून दे म्हणताना मारतात तशी.

मला काही ऐकूच आलं नाही असं मी पुढे भासवलं. इथे खरं सांगते. मला कळलं होतं. आवाज आईंचा आहे, बाथरूममधून येतोय आणि बैठकीच्या वेळी त्या कधीच हाक मारत नाहीत, हे सगळं त्याच क्षणी कळलं. पण तितक्याच झटकन दुसरंही आलं, अठ्ठ्याहत्तर. मी मनात म्हटलं, आवाज. आवाज.

दुसरी हाक मोठी होती. तिसरीत फक्त "तडतडे". प्रत्येक हाकेला मी नाव दिलं आणि सोडून दिलं, अगदी शिकवल्याबरहुकूम. काळजी वाटली, तिलाही नाव दिलं, काळजी, काळजी, आणि तीही सोडली. चौथी हाक म्हणजे नुसतं "अगं" होतं, तेही अर्धं. त्यानंतर शांतता.

आणि आता पुढचंही सांगते. त्या शांततेत मला ती बैठक लागली. दोन वर्षं ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं ते झालं. शरीर कुठे संपतं आणि खोली कुठे सुरू होते ते कळेना. श्वास चालला होता, पण तो माझा नव्हता. कुणाबद्दल राग नाही, कशाची भीती नाही, मी म्हणून कोणी उरलेलीच नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. घंटा वाजली तेव्हा वाईट वाटलं. गाल ओले झाले होते, आनंदानं. माझी सासू बारा पावलांवर थंड फरशीवर पडली होती आणि मी आनंदानं रडत होते.

उठले, स्वयंपाकघरात गेले, दोन कप चहाचं आधण ठेवलं. इतकी भरून आले होते की आज आईंना बसवून हातात कप द्यायचा असं ठरवत होते. बाथरूमचं दार अर्धं उघडं दिसलं.

त्या कुशीवर पडल्या होत्या. डावा पाय नको तसा वळलेला. ओठ पांढरे. डोळे मात्र उघडे आणि जागे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं का गं ध्यान?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या.

मी खाली बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या म्हणाल्या, "हाका मारल्या मी. चार."

"ऐकूच आल्या नाहीत आई. दार लावलं होतं ना."

किती सहज निघालं तोंडातून. मला वाक्य जुळवावंही लागलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नेलं त्याच इस्पितळात, जिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांना ओळखणारं आता तिथे कोणी नव्हतं. डॉक्टर तरुण, सौम्य, रात्रपाळी करून डोळे तारवटलेले. त्यांनी विचारलं, "किती वेळ पडून होत्या?"

"चोपन्न मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. "मोजत होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "छे हो. पाच-दहा मिनिटं असतील. मी लगेच गेले."

डॉक्टरांनी माझं लिहून घेतलं. एक एकोणऐंशी वर्षांची बाई वेदनेनं कळवळतेय, दुसरी धडधाकट, सरकारी कचेरीतली. कुणीही माझंच लिहून घेतलं असतं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. बेरीज चुकली की त्या टाक्यांकडे बघायच्या तसं.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण तिसऱ्या दिवशी हे भेटायला आले तेव्हा सासूबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, चार हाका, चोपन्न मिनिटं. आमच्या ह्यांना बिघाड शोधायची एकच रीत माहीत. एकेक गोष्ट बाद करत जायचं. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून हिशोब मांडला. "आई, घर दोन खोल्यांचं. हिला वरच्या मजल्यावरचा नळ ऐकू येतो. मग तुझ्या चार हाका ऐकू येणार नाहीत? म्हणजे तू मारल्याच नसशील. मारल्या असं वाटलं असेल." आणि माझ्याकडे वळून, "हो ना गं?"

मी म्हटलं, "आता तो विषय कशाला? त्यांना पडू द्या." एवढं म्हटलं. नाही म्हटलं नाही.

डॉक्टरही म्हणाले, पडल्यावर, भूल दिल्यावर, या वयात असं होतं, वेळेचा अंदाज जातो, न घडलेलं घडल्यासारखं वाटतं. त्यांनी कागदावर गोंधळ असा शब्द लिहिला. तो शब्द मी उलटा वाचला, कारण खिडकीवर बसून उलटं वाचायची मला सवय आहे.

तो शब्द लिहिला गेला आणि मग त्या जे जे बोलतील ते त्याच खात्यात जाऊ लागलं. एके दिवशी त्या नर्सला म्हणाल्या, या चादरीची गाठ वर आलीय, कुणी तरी नवीन बाई शिवतेय वाटतं. नर्स "हो आजी" म्हणाली आणि बाहेर जाऊन दुसरीला म्हणाली, आता चादरीवरून सुरू झालंय. ती गेल्यावर मी चादरीखाली हात घातला. कमरेपाशी ठिगळ होतं आणि गाठ वरच होती, चांगली तुरीच्या डाळीएवढी.

"आहे ना गं?" सासूबाईंनी विचारलं. "की मलाच वाटतंय?"

"आहे आई."

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका सुटला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. एकतीस वर्षं ज्या हाताला कोणी तपासलं नाही, त्या हातासाठी त्या माझी साक्ष काढत होत्या. माझी.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांची परीक्षा घेतली. आज वार कोणता, घड्याळ काढून दाखवा, शंभरातून सात सात वजा करत या. जी बाई बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाची बटणं मोजते, तिला हे म्हणजे काय होतं? पण त्यांनी त्र्याण्णव म्हटलं आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मग शहाऐंशी म्हटलं, आणि पुन्हा पाहिलं. एकोणऐंशीला तर त्यांनी डॉक्टरांची माफीच मागितली. म्हणाल्या, "नको. हल्ली माझं मोजणं बरोबर नसतं."

मी भिंतीला टेकून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. त्यांचं मोजणं बरोबर आहे, मी खोटं बोलले. नाही बोलले. बोलले असते तर डॉक्टर काय म्हणाले असते, हे काय म्हणाले असते, कचेरीत कळलं असतं तर, केंद्रात कळलं असतं तर. आपली लाज वाचवायला माणूस दुसऱ्याची अक्कल गहाण टाकतो. मी टाकली.

आणि हो, त्या सगळ्या दिवसांत मी रोज सकाळी सहाला बसत होते. एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी. घरात आता कोणी नव्हतं, तरी दार ओढून घ्यायची. ती बैठक पुन्हा लागली नाही, पण दिवस मोडू दिला नाही.

विसाव्या दिवशी मी सकाळी इस्पितळात पोचले तर नर्स ओली चादर बदलत होती आणि वैतागली होती. "घंटा हाताशी आहे. दाबायची नाही का आजी?" सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नर्स गेल्यावर मी विचारलं, का नाही वाजवली?

त्यांनी अंगाखालच्या कोरड्या चादरीवर तळहात फिरवला. मग म्हणाल्या, "खात्री वाटेना. खरंच लागलीय की मला आपलं वाटतंय. उगाच कुणाला कशाला बोलवायचं."

त्यांनी हाक मारणं सोडून दिलं होतं. मी सोडायला लावलं होतं.

तोवर ह्यांनी एका वृद्धनिवासात चौकशी केली होती. तिथे विसरभोळ्या म्हाताऱ्यांचा वेगळा मजला होता, दाराला बाहेरून कडी. एकच जागा रिकामी होती आणि शुक्रवारपर्यंत अर्जावर सही करून द्यायची होती. हे दुष्ट नाहीत. रात्री जेवताना त्यांचे डोळे भरून यायचे. पण म्हणायचे, "आपण दोघं कामावर जाणार. तिला कळत नाही की ती पडली कधी आणि हाक मारली की नाही. घरात एकटी कशी ठेवायची?" सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, तिथे खिडकी आहे का. हे म्हणाले, आहे, मोठी आहे. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे.

शंभरावा दिवस गुरुवारी आला. संध्याकाळी केंद्रात गेले. सोळा-सतरा लोक गोलात बसलेले, त्यांतले सहा नवे. ताईंनी मला पुढे बसवलं आणि म्हणाल्या, आज यांचे शंभर दिवस पूर्ण झाले, यांना सर्वांत चांगली बैठक कधी लागली ते या सांगतील. चांगली बैठक एकच होती. मग मी तीच सांगितली. शरीर उरलं नाही, मी उरले नाही, सगळं सगळं. बोलायची मला सवय आहे, रंगून सांगितलं. लोक डोळे मिटून ऐकत होते. एका बाईनं पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, "त्याआधी काही आवाज आले होते. मी त्यांना नाव दिलं आणि जाऊ दिलं. मग हे घडलं."

नव्या लोकांत एक नळदुरुस्तीवाला होता. माझ्या खिडकीवर अनेकदा भांडून गेलेला, त्या सतरा सह्यांत त्याचीही एक. नळवाल्याला आवाज म्हटला की कसला, कुठून, हे विचारायची सवय. त्यानं विचारलं, "कसले आवाज होते?"

मी भांडं पडलं म्हणू शकले असते. मांजर म्हणू शकले असते. तोंड उघडलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा वाक्य जुळलं नाही.

"हाका होत्या," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंच्या. बाथरूममध्ये पडल्या होत्या."

"मग?"

"मग काय. सोडून दिल्या."

पदरानं डोळे पुसणाऱ्या बाईंचा पदर तिथेच राहिला. मला वाटलं ताई काहीतरी सावरून घेतील, अपराधीपणालाही नाव द्या आणि जाऊ द्या, असं काही. मी त्याची वाटच बघत होते, खरं सांगायचं तर. ताईंनी चष्मा काढला. फार हळू बोलल्या.

"हाक आली की उठायचं असतं हो. हे वेगळं सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं."

एवढंच. रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. मी चप्पल हातात घेऊन जिना उतरले, घालायला थांबले नाही. खाली रस्त्यावर आल्यावर घातली.

इस्पितळात भेटीची वेळ संपायला अर्धा तास होता. हे पलंगाशेजारी बसले होते, मांडीवर तो अर्ज, वर पेन. सासूबाई उशीला टेकून. मी उभ्याउभ्याच सांगितलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. चारही हाका ऐकल्या. पहिलीच ऐकली. चोपन्न मिनिटं बरोबर आहेत. दिवस मोडू नये म्हणून उठले नाही. डॉक्टरांना खोटं सांगितलं.

ह्यांनी विचारलं, "आणि मी त्या दिवशी तुला विचारलं, हो ना गं म्हणून?"

"तेव्हाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे पुष्कळ दिवस नाही. तीन आठवडे त्यांनी आईला जे जे समजावलं होतं ते एकेक करून त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी आईचा हात धरला. म्हणाले, "आई, चुकलं माझं. तू बरोबर होतीस."

सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता त्या बोलतील. काय वाटेल ते बोलू देत, मी मनात म्हणत होते, थुंकल्या तरी चालेल. त्या हसल्या. दुसरा हात त्यांनी माझ्याकडे केला.

"पुरे गं तडतडे," म्हणाल्या. "मला घरी न्यायचं म्हणून असं कुणी अंगावर घेतं का?"

"आई, खरं सांगतेय मी."

"मी हाक मारलीच नव्हती. मलाही आधी वाटायचं मारली म्हणून. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. वयात होतं असं."

"मारली होतीत. पहिल्यांदा म्हणालात, जरा ये गं. शेवटी नुसतं अगं म्हणालात."

"ते मीच तर सांगितलं होतं तुला," त्या म्हणाल्या, आणि माझा हात थोपटायला लागल्या. लहान मूल हट्टाला पेटलं की थोपटतात तसा. "रडू नको. चांगली आहेस तू. मला आधी वाटायचं, तुझं ते ध्यान म्हणजे नुसता नाद. पण माणूस बदलतं खरं."

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तो शब्द खोडला, चोपन्न लिहिलं. फक्त जाताना दार माझ्यासाठी धरायचे ते धरलं नाही. ह्यांनी अर्ज फाडला. सासूबाई घरी आल्या. काठी घेऊन चालतात. वाटाणे सोलतात. मधूनच विचारतात, किती वाजले गं. मी सांगितलं की मान डोलावतात, घड्याळाला किल्ली द्या म्हणत नाहीत. हाक मारत नाहीत. पाणी संपलं तर रिकामा पेला हातात धरून बसून राहतात, कुणी येईपर्यंत. मी बैठक सोडलीय. पहाटे हे गेले की मी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून भाजी निवडते, आणि दर थोड्या वेळानं उठून बघते.

मी त्यांना अजून अधूनमधून सांगते. शेजारणींनाही सांगितलं, बहिणीला सांगितलं. साहेबांना सांगितलं. पण माझ्या आधी सासूबाईंची गोष्ट पोचलेली असते, आणि ती ऐकायला जास्त बरी आहे. लोक माझ्याकडे आदरानं बघतात. आमचे हे तेवढे त्या वेळी उठून बाहेर जातात.

परवा व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी त्यांचा पाय वाकवत होती. सासूबाई तिला सांगत होत्या, माझ्या सुनेनं माझ्यासाठी स्वतःवर खोटा आळ घेतला, भर इस्पितळात, नवऱ्यादेखत. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "काकू, तुमच्यासारखं मन हवं."

मी म्हटलं, "आळ खोटा नव्हता. मी हाक ऐकली होती आणि उठले नाही."

"बघ," सासूबाई तिला कौतुकानं म्हणाल्या. "अजून कबूल करत नाही."